बिनदिव्याच्या होड्या

बसा नीट. पाय वर घ्या, फरशी गार आहे. आणि कोपऱ्यातला तो दिवा राहू दे, मालवू नका. अंधारात गोष्ट जास्त रंगते, हे मला माहीत आहे. पण ही रंगवायची गोष्ट नाही. घडली तशी सांगतो, पदरचं काही घालत नाही. आणि ज्याच्यावर गुदरली तो काही कुठला लांबचा माणूस नाही. तुमच्या आजीचा सख्खा धाकटा भाऊ, माझा मेव्हणा. मागच्या सुट्टीत येऊन ज्याने हा पंखा दुरुस्त केला, तोच.

त्याला सगळे फ्यूज म्हणतात. तो इलेक्ट्रिशियन आहे म्हणून नव्हे. माणूस तापला की ओरडत नाही, एकदम बोलायचाच बंद होतो, म्हणून. एकदा बायकोशी काहीतरी बिनसलं, तर सबंध पंधरवडा घरातली माणसं खाणाखुणांनी जेवत होती. पण हात असा, की कुठलंही मेलेलं यंत्र त्याच्यासमोर ठेवा, दोन दिवसांत धुगधुगी आणतो.

त्यांच्या गावाच्या टोकाला समुद्रात घुसलेली एक टेकडी आहे. गाव तिला नुसतं 'तोफा' म्हणतं. तोफांवर फिरायला जातो, तोफांवर शेळ्या चारतो, असं. तोफा मात्र तिथे नाहीत. कधीच्या भंगारात गेल्या. महायुद्ध चालू होतं तेव्हा बंदराच्या तोंडावर पहारा ठेवायला त्या आणल्या होत्या. जहाजातून उतरवल्या आणि माणसांनी दोर लावून टेकडीवर ओढल्या. आता राहिलेत ते काँक्रीटचे दोन गोल खड्डे, त्यांत गंजलेले बोल्ट, आणि खाली दारूगोळ्याच्या खोल्या. टेकडीच्या कमरेवर एक बसकं ठाणं आहे, त्याला डोळा किलकिला करावा तशी एकच आडवी फट. तिथून साहेब लोक दुर्बिणीने समुद्र बघायचे आणि टेलिफोनवरून तोफांना हुकूम द्यायचे. आणि अगदी पायथ्याशी, पाण्याला लागून, बत्तीची खोली. तिच्यात सर्चलाइट होता. रात्री समुद्रावर झोत टाकायचा आणि काय दिसतंय ते बघायचं. खोलीशेजारी वाळूचा एक लहानसा तुकडा आहे. तिथून डांबरी रस्ता निघतो, तोफांच्या खड्ड्यांवरून वळणं घेत वर जातो आणि माथ्यावरच्या बंगल्याच्या पायरीशी संपतो.

तो बंगला कप्तानाचा. युद्धात हे ठाणं त्याच्या हाताखाली होतं. युद्ध संपल्यावर त्याने टेकडीचा माथाच विकत घेतला आणि तिथेच राहिला. गावात त्याचा मोठा मान. कारण काय, तर त्याने शत्रूची पाणबुडी बुडवली होती. सबंध युद्धात त्या तोफा एकाच रात्री धडाडल्या, आणि त्या रात्री पाणबुडी बुडाली, असं गाव सांगत आलं. त्याच रात्री गावच्या पाच होड्याही बुडाल्या. ब्लॅकआउट होता. रात्री समुद्रात जायला बंदी, दिवा लावायला बंदी. तरी हे लोक चोरून मासेमारीला गेले, मध्ये सापडले आणि मेले. नियम मोडला, जिवाने भरला. संपलं.

माझ्या सासूबाईंचा बाप त्या होड्यांत होता. सासूबाई तेव्हा आईच्या पोटात. त्यांनी बापाचं तोंड पाहिलं नाही. घरात एक फोटोसुद्धा नव्हता. शाळेत पोरी म्हणायच्या, चोरून गेलेल्याची पोर. म्हातारपणीसुद्धा तो शब्द निघाला की त्या उठून आत जायच्या.

हे एवढं ध्यानात ठेवा. आता त्या रात्रीचं सांगतो.

सात-आठ वर्षं झाली. कप्तान जाऊन जमाना लोटला होता आणि बंगल्यात त्याचा नातू राहायला आला होता. शहरात वाढलेला, पन्नाशी उलटलेला, डोक्यावर चंद्र. तरी गावाला तो नातूच. स्वभावाने वाईट म्हणावा असा नव्हता. हसून बोलायचा, लोकांना नावानिशी हाक मारायचा. त्याच्या मनात आलं, की तोफांवर आजोबांचं स्मारक करावं, लोकांनी बघायला यावं. मोठा दगड कोरून घेतला. आणि उद्घाटनाच्या संध्याकाळी जुना सर्चलाइट लावायचा, समुद्रावर झोत फिरवायचा, लाउडस्पीकरवर तोफांचे आवाज सोडायचे, असा बेत. सर्चलाइटचा लोखंडी पिंप आणि आतला मोठा आरसा बत्तीच्या खोलीत धूळ खात पडला होता. तो चालू करायचं काम साहजिकच फ्यूजकडे आलं.

सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. हातातली जुडी खाली ठेवली त्यांनी.

"ते काम घेऊ नको."

"अगं, का पण?"

"त्या पाण्यावर पुन्हा ती बत्ती नको. दुसरं काही म्हणत नाही मी."

"आई, दिवा लावायचा माझा धंदाच आहे. आज या घरी, उद्या त्या घरी."

"लाव मग," त्या म्हणाल्या. "पण ध्यानात ठेव. जे अंधारात राहिलेत त्यांना तू वाट दाखवणार आहेस."

एवढंच. पुन्हा जुडी उचलली.

जानेवारीतला शेवटचा शनिवार. उद्घाटन रविवारी संध्याकाळी. आकाशात चंद्र नव्हता, वाराही पडलेला. दिवसभर मांडववाले, खुर्च्यावाले होते, ते दिवेलागणीला निघून गेले. फ्यूजने पिंपात नवा दिवा बसवला होता, आरसा घासून लख्ख केला होता. फक्त एकदा पूर्ण अंधारात झोत टाकून बघायचा राहिला होता. जेवण करून, अकराच्या सुमाराला, तो एकटाच पायथ्याला उतरला. खोलीमागे जनरेटर होता, तो चालू केला. हाताखाली एक साधा बल्ब लावला आणि वायरी तपासत बसला.

थोड्या वेळाने नातू वरून आला. चहाचा थर्मास आणि दोन कप घेऊन.

"म्हटलं, एकटेच राबताय. बघू तरी आजोबांची बत्ती."

दोघं खोलीच्या तोंडाशी बसले. पुढे चार हातांवर पाणी. बाजूला तो दगड, गोणपाटात गुंडाळलेला, उद्या सकाळी वर न्यायचा होता. फ्यूजने गोणपाट सरकवून वाचलं. 'शत्रूची पाणबुडी बुडवून बंदर वाचवणाऱ्या शूर कप्तानाच्या स्मरणार्थ.' चहाचा घोट घेत त्याने आपलं सहज विचारलं,

"त्या पाणबुडीचं काही सापडलं का हो कधी? पत्रा, तुकडा, काही?"

नातू हसला. उद्याच्या कौतुकाच्या भरात होता, मोकळा झाला होता. आणि समोरचा माणूस कोण, कुणाचा कोण, याची त्याला कल्पना नव्हती.

"कसली पाणबुडी आणि कसलं काय," तो म्हणाला. "आता ऐंशी वर्षं होत आली, म्हणून सांगतो. आजोबांनीच सांगितलंय मला, पाणबुडी नव्हतीच."

फ्यूजने कप खाली ठेवला.

"होड्याच होत्या. गावातल्या पाच. चोरून वगैरे नव्हत्या गेल्या, आजोबांनीच सोडल्या होत्या. साहेब लोकांच्या जेवणाला ताजी मासळी लागायची ना. येताना या खोलीसमोर कंदील तीनदा वर करायचा, अशी खूण ठरलेली. मग बत्तीवाला झोत बाजूला घ्यायचा आणि त्या आत यायच्या. कितीतरी रात्री चाललं होतं असं."

"मग?"

"मग त्या रात्री अचानक वरचा साहेब तपासणीला आला. आजोबा त्याच्याबरोबर त्या फटीपाशी उभे होते. झोतात होड्या आल्या. साहेबाने विचारलं, कुणाच्या होड्या आहेत? आता आजोबा काय सांगणार? बंदी असताना आपणच सोडल्यात म्हणून? नोकरी गेली असती, कोर्टमार्शल झालं असतं. त्यांनी सांगितलं, आपल्या नाहीत."

समुद्र हळूहळू खडकावर येत होता, जात होता.

"कंदील वर-खाली होत होता म्हणे. तोफा चालू झाल्या तरी होत होता. शेवटच्या आजारपणात आजोबा तेवढंच बोलायचे... तो कंदील बघ, तो कंदील बघ."

फ्यूज गप्प झाला. तुम्हाला सांगितलंच आहे मी, तो तापला की काय होतं ते. हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. बऱ्याच वेळाने म्हणाला,

"तुम्हाला हे माहीत होतं. आणि तरी हा दगड."

"गावाला अभिमान वाटतो हो त्या गोष्टीचा. कशाला घालवायचा?"

"माझ्या आईचा बाप होता त्यात."

नातू दचकला. थर्मासचं झाकण उगाच घट्ट करत बसला.

"मला... कल्पना नव्हती," तो म्हणाला.

"उद्या सांगा सगळ्यांसमोर. चोरून गेले नव्हते, एवढं तरी सांगा. माझी आई पहिल्या रांगेत येऊन बसेल. जन्मभर मान खाली घालून चालली बाई."

नातवाने दगडाकडे बघितलं. मग फ्यूजकडे. मग पुन्हा दगडाकडे.

"दगड कोरून झालाय," तो म्हणाला. "पत्रिका गेल्यात. उद्याचा दिवस जाऊ दे, मग बघू काहीतरी. आणि खरं सांगू का, मेलेल्यांना आता काय फरक पडतो? ते काय उठून येणार आहेत?"

फ्यूज उठला. हत्यारं पेटीत टाकायला लागला. त्याला निघून जायचं होतं. पण हातात घेतलेलं काम अर्धं सोडून तो आयुष्यात कधी उठला नव्हता. म्हणाला, एकदा लावून दाखवतो, मग तुमचं तुम्ही बघा. आणि खटका ओढला.

झोत निघाला.

मी तो कधी पाहिला नाही. तो सांगतो, पांढरा खांब आडवा करून समुद्रावर ठेवावा, तसा. पाणी काचेसारखं दिसत होतं. मासा उडाला तर कळला असता. फ्यूजने पिंप हळूहळू उजवीकडून डावीकडे फिरवला. काही नाही. मोकळा समुद्र. डावीकडून पुन्हा उजवीकडे आणला.

एक ठिपका होता.

तो थांबला. झोत स्थिर धरला. होडी होती. लांब होती, नीट कळत नव्हती. तिच्या मागे अजून एक. मग अजून.

"एवढ्या रात्री कोण बाहेर आहे?" फ्यूज स्वतःशीच म्हणाला. गावात आता सगळ्या होड्या इंजिनाच्या. इंजिनाचा आवाज नव्हता. पुढे लाल-हिरवे दिवे असतात, तेही नव्हते. बिनदिव्याच्या होड्या होत्या. पाच.

नातू खुर्चीवरून उठला होता.

"झोत हलवा," तो म्हणाला.

फ्यूजने पिंप बाजूला फिरवला. तिकडे मोकळं पाणी. परत आणला.

होड्या जवळ आल्या होत्या. एवढ्यात येऊ नयेत तेवढ्या जवळ. लाकडी, जुन्या, काळ्या पडलेल्या. माणसं बसलेली दिसत होती. पाठमोरी, वल्ही मारतात तशी. पण वल्ही हलत नव्हती. पाण्यावर रेघ उठत नव्हती. आणि पुढच्या होडीच्या एका बाजूला फळ्याच नव्हत्या. आरपार दिसत होतं. अशी होडी तरंगत नाही... ती तरंगत होती.

तेवढ्यात आवाज आला.

वरून. टेकडीच्या कमरेवर ते ठाणं आहे ना, त्या फटीतून. तिथे कोणी नव्हतं. दाराला नातवाचंच कुलूप होतं. आवाज मोठा नव्हता. हुकूम द्यायची सवय असलेल्या माणसाचा, थंड, थोडा कंटाळलेला आवाज.

"कुणाच्या होड्या आहेत?"

फ्यूज म्हणतो, मी नातवाकडे बघितलं. त्याने ऐकलं होतं. मान वर करून तो त्या फटीकडे बघत होता. तोंड उघडं. बल्बच्या उजेडात त्याचं टक्कल घामाने चमकत होतं.

पाण्यावर काहीतरी पिवळं हललं. कंदील. पुढच्या होडीतून एका हाताने वर केला. खाली घेतला. पुन्हा वर केला. खाली. तिसऱ्यांदा वर केला... आणि तिथेच धरून ठेवला.

वाट बघत होते ते.

"बोला," फ्यूज कुजबुजला. आपण हे का म्हणतोय, ते त्याला कळत नव्हतं. पण आता सगळं या एका उत्तरावर आहे, हे कळत होतं. "बोला ना. आपल्या आहेत म्हणा. एवढंच म्हणा."

नातवाचे ओठ हलले. आवाज आला नाही. त्याने होड्यांकडे बघितलं. दगडाकडे बघितलं.

वरून पुन्हा. तसंच. सावकाश.

"कुणाच्या होड्या?"

"आपल्या नाहीत," नातू म्हणाला.

...

कंदील खाली गेला.

समुद्राचा आवाज थांबला. पोरांनो, समुद्राचा आवाज थांबतो म्हणजे काय, ते सांगता येत नाही. कान फुटल्यासारखं वाटतं, तो म्हणतो. लाटा येत होत्या, खडकावर फुटत होत्या. आवाज नव्हता.

"बंद करा," नातू म्हणाला. "ती बत्ती बंद करा."

फ्यूजने खटका पाडला. बत्ती चालूच राहिली. तो मागे पळाला, जनरेटर बंद केला. हाताखालचा बल्ब विझला. बत्ती चालू. त्याने चाचपडत वायर पकडली आणि खेचून काढली. वायर त्याच्या हातात लोंबकळत होती. दोन्ही टोकं मोकळी.

बत्ती चालू.

मग पिंप फिरला. त्याच्या अंगाला कुणी हात लावला नव्हता. कुरकुरत, हळूहळू, पाण्यावरून खडकावर आला. खडकावरून वाळूवर. वाळूवरून नातवाच्या पायांवर. पायांवरून वर चढला. आणि तोंडावर थांबला.

नातवाने दोन्ही हात डोळ्यांवर धरले. मागे सरला. झोत सरला. बाजूला झाला. झोत बाजूला झाला. मग तो पळाला. रस्त्याने, वर, बंगल्याकडे. झोत त्याच्या मागे. पहिल्या वळणावर. तोफांच्या खड्ड्यांवरून. दुसऱ्या वळणावर. तो पडत होता, उठत होता. सबंध टेकडी काळी आणि मध्ये तेवढा एक पांढरा माणूस.

फ्यूज खोलीच्या भिंतीशी बसला. समोर काळोख. त्या काळोखात वाळू करकरली. लाकूड वाळूवर घासतं, तशी.

मग ते त्याच्या अंगावरून गेले.

दिसलं काही नाही. गारठा गेला. ओल्या सुताचा वास गेला. जळलेल्या लाकडाचा वास गेला. एकामागून एक. घाई नव्हती. कुठे जायचं ते ठाऊक असलेली माणसं चालतात, तशी चाल. फ्यूजने मान गुडघ्यांत घातली होती. एक गेला. दुसरा गेला. किती गेले, त्याने मोजलं नाही.

एक थांबला.

समोरच. फ्यूजने डोळे उघडले, पण मान वर केली नाही. हिंमत नव्हती. झोत फिरता फिरता त्याची एक तिरीप खोलीत आली, त्या तिरिपेत त्याला पाय दिसले. नुसते पाय. उघडे, ओले. पाणी गळत होतं, पण खालची जमीन भिजत नव्हती.

ते पाय थोडा वेळ तिथे उभे होते.

मग गेले. वर, बाकीच्यांच्या मागे.

आणि टेकडीच्या माथ्यावर नातू एकदाच ओरडला.

पहाटे मांडववाले आले तेव्हा फ्यूज तसाच भिंतीला टेकून बसलेला. हातात वायर. पिंपातला नवा दिवा काळा पडून फुटला होता. त्याला उठवून पाणी पाजलं, तर तो फक्त वर बोट करत राहिला. माणसं बंगल्यावर गेली. दार सताड उघडं. नातू जेवणाच्या टेबलाशी खुर्चीत ताठ बसला होता. जिवंत. डोळे टक्क उघडे. डोळ्यांतल्या बाहुल्या अशा बारीक झालेल्या, की काळ्या शाईचा टिपका. डोळ्यांपुढे हात नेला तर पापणी हलेना. आंधळा झाला होता.

"बत्ती बंद करा," तो म्हणाला.

खोलीत दिवा नव्हता. पडदे लावलेले.

"बत्ती बंद करा हो कुणीतरी."

त्याला शहरात नेलं, मोठमोठ्या डॉक्टरांना दाखवलं. डोळ्यांना इजा नाही म्हणाले. नजर का गेली, सांगता येत नाही म्हणाले. पण त्याला अंधार दिसत नव्हता. त्याला फक्त उजेड दिसत होता. दिवस-रात्र, डोळे मिटले तरी, तोच पांढरा झोत, सरळ तोंडावर. त्याला झोप लागेना. काळ्या पट्ट्या बांधल्या, बिनखिडकीच्या खोलीत ठेवलं, झोपेच्या सुया दिल्या. सुईने अंग झोपायचं, तो आतून जागा. त्याची बायको सांगायची, रात्रभर एकच प्रश्न कुणीतरी विचारतंय, तसं ते मान वर करतात आणि उत्तर द्यायला तोंड उघडतात. मग रडतात. पावसाळा लागायच्या आत तो गेला. झोपेविना माणूस किती टिकणार? मेल्यावरही डोळे मिटता आले नाहीत, असं नेणारे सांगत होते.

उद्घाटन कसलं होतंय? दगड कुणी वर नेला नाही. फ्यूजने आठवड्याभराने तोंड उघडलं आणि नातवाने सांगितलेली सगळी हकिगत गावाला सांगितली. कुणी विश्वास ठेवला, कुणी नाही. पण त्यानंतर त्या होड्यांना चोरून गेलेल्या कुणी म्हटलं नाही.

सासूबाईंना मात्र त्याने त्याच सकाळी सांगितलं होतं. मी तिथेच होतो. मला निरोप आला तसा मी पहिल्या गाडीने पोचलो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. कप्तानाच्या नातवाबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाल्या,

"तुझ्यासमोर कोण थांबलं होतं?"

"माहीत नाही, आई. पाय तेवढे दिसले."

"कसे होते पाय?"

फ्यूज खाली बघत होता. जमिनीवर बसलेल्या सासूबाईंच्या पायांकडे.

"अंगठ्याच्या शेजारचं बोट मोठं होतं," तो म्हणाला. "अंगठ्यापेक्षा बरंच. आणि जरासं आत वळलेलं."

सासूबाईंनी लुगडं सरकवलं. आपल्या पावलांकडे बघितलं. एका बोटावरून हात फिरवला. कितीतरी वेळ फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरी म्हणायच्या, हे बोट कुठून आणलंस..." आणि पुढचं बोलल्या नाहीत.

आता एकच सांगायचं राहिलं.

त्याच दिवशी दुपारी मी त्या जागी गेलो. एकटा. खोटं कशाला बोलू, मनावरच्या ताणापायी फ्यूजला काहीतरी दिसलं असेल, असंच मला वाटत होतं. वाळूच्या तुकड्यावर एक चर होता. पाण्यातून निघालेला, होडी ओढल्यावर पडतो तसा. म्हटलं, असेल. समुद्राकाठी होड्या ओढतातच. पण वाळू संपली तिथे चर संपला नव्हता. पुढे डांबर सुरू होतं आणि चर डांबरात गेला होता. चार बोटं खोल, गुळगुळीत, कडा चेपलेल्या. लोण्यातून बोट फिरवावं तसा. मी त्याच्या कडेकडेने चालत गेलो. पहिलं वळण. खड्डे. दुसरं वळण. कुठे तुटला नाही, कुठे उथळ झाला नाही. थेट बंगल्याच्या पायरीपर्यंत. लोक म्हणाले, जनरेटरची गाडी ओढली असेल. जनरेटर गाडीवर आलाच नव्हता, खांद्यावर आणला होता. त्या रस्त्यावर नंतर दोनदा डांबर ओतलं, रोलर फिरवला. डांबर थंड झालं की चर परत वर.

मी त्या दुपारी पायरीशी वाकलो. ऊन रणरणत होतं, सबंध रस्ता तापून निघाला होता, समुद्र तिथून कितीतरी खाली. चरात हात घातला.

बोटं ओली झाली.

जिभेला लावून बघितली...

खारट.